रविवारचे चार तास

गेल्या रविवारीं दुपारीं आम्ही चेंबुराकडे एका ओळखीच्या गृहस्थांच्या घरीं गेलों होतों. गृहस्थ कारखान्यांत फिटर आहेत; सहा दिवस हाडें मोडून काम करितात आणि सातव्या दिवसाची वाट पाहतात. बाप, लेक, धाकटा भाऊ व एक पाहुणा असे चार पुरुष खोलीच्या चार कोपऱ्यांत बसले होते. प्रत्येकाच्या हातांत मोबाईल, प्रत्येकाची मान खालीं, आणि चार मोबाईलांतून चार तऱ्हेचे आवाज. आम्ही दारांत उभे राहिलों तरी मिनिटभर कोणास पत्ता नाहीं. आंत मात्र भांड्यांचा आवाज चालूच होता. चहा आला तेव्हां आम्हीं सहज विचारलें, "काय, सुट्टी कशी काय चालली आहे?" फिटरसाहेब जांभई देऊन म्हणाले, "कसली सुट्टी अण्णा, वेळ जातां जात नाहीं." चहा ठेवून आंत वळलेली त्यांची मंडळी दाराआडून म्हणाली, "आणि मला तो पुरत नाहीं!"

एकाच घरांतलीं, एकाच दुपारचीं हीं दोन वाक्यें. घरीं परत येईपर्यंत तीं आमच्या डोक्यांतून गेलीं नाहींत. फावल्या वेळांत मजा कशी करावी, ही गोष्ट वरवर पोरखेळाची वाटते. सातही दिवस ज्यांच्या घरीं रविवार असतो अशा लोकांना ती सुचविण्याची जरूर नाहीं. त्यांचीं कुळें पिढ्यान् पिढ्या तोच उद्योग करीत आलीं आहेत. पण ज्याला आठवड्यांतून मोजून चार तास मिळतात त्यानें ते कसे घालवावे, हा आमच्या मतें मोठा प्रश्न आहे. कारण ते चार तास त्याला कोणीं दान दिलेले नाहींत.

वाचकांपैकीं पुष्कळांस हें ठाऊक असेल, तरी तरुणांसाठीं पुन्हां सांगतों. मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठराविक सुट्टी म्हणून नव्हती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें लहान मुलांपुरती थोडीशी सोय केली. मोठ्या माणसांस त्यानें कांहीं दिलें नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं परळास कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशीं आम्हांस देवाचें व समाजाचें काम करावयाचें असतें, असें लोखंड्यांनीं मालकांस समजावून सांगितलें, ही आठवण अजून सांगतात. अर्जानें काम झालें नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेंत दोन कामगार बायांनींही भाषणें केलीं. त्या दोघींची गोष्ट आम्ही पुढें काढणार आहों. वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी कबूल केली आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुट्टी पक्की झाली. एका रविवारासाठीं सहा वर्षें लागलीं. लोखंडे पुढें १८९७ सालीं प्लेगांत गेले.

आज तोच रविवार आमच्या डोळ्यांदेखत पुन्हां हातांतून निसटत आहे. सोसायटीच्या दारावरचा रखवालदार बारा बारा तास उभा असतो. त्याला कसला रविवार? मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोंचविणाऱ्या पोरांना तर रविवारींच सर्वांत जास्त धांवावें लागतें, कारण त्या दिवशीं इतरांची सुट्टी असते. सप्टेंबर २०२५ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील कामाची दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याच्या बदलास मान्यता दिली. जादा तासांचा जादा पगार मिळेल, कामगाराची संमति लागेल, असें त्यांत सांगितलें आहे. संमति! घरीं खाणारीं तोंडें पांच आणि बाहेर कामाच्या शोधांत उभे दहा, अशा माणसाच्या संमतीला काय किंमत असते हें गिरणगांवाला शिकवावयास नको.

म्हणून जे चार तास अजून उरले आहेत ते तरी आपले आपल्याला लागावेत असें आम्हांस वाटतें. गरिबाला मोकळा वेळ दिला कीं तो दारू पितो, असें म्हणणारे शहाणे पूर्वीं होते व आजही आहेत. त्यांना आमचें उत्तर इतकेंच कीं, वेळ नसतांनाही तो पितोच, आणि वेळ नसल्यामुळें पुष्कळदां पितो. पण दुसरीकडे हेंही कबूल केलें पाहिजे कीं, आमच्या माणसाचा मोकळा वेळ पाहून जिभा चाटणारे बाजारांत पुष्कळ आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज मोठा मॉल उभा आहे. आंत जावयास पैसे पडत नाहींत, बाहेर येतांना पडतात. लेंकरूं आईसक्रीमसाठीं रडतें, बाप खिसा चांचपतो, आई किंमतीची चिठ्ठी उलटून पाहते आणि कापड जागेवर ठेवते. ह्याला कोणी करमणूक म्हणत असेल तर म्हणो. मोबाईलचीही गोष्ट तीच. तो फुकट दिसतो, पण आपण त्यांत जितका वेळ डोळे घालून बसूं तितकी दुसऱ्या कोणाची तरी तिजोरी भरते. आम्ही मोबाईलचे वैरी नव्हों. हा लेखही कित्येकजण त्यावरच वाचतील. पण जी करमणूक संपल्यावर जांभई येते आणि अंग जड होतें ती करमणूक खरी नव्हे, एवढें कोणासही अनुभवानें कळण्यासारखें आहे.

मग करावें काय? आम्हीं स्वतः केलेल्या गोष्टीच सांगतों.

मुंबईकरांनीं भायखळ्याच्या राणीच्या बागेंत जावें. वाचक हंसतील, कारण राणीची बाग प्रत्येकानें लहानपणीं पाहिली आहे. पाहिली आहे म्हणजे काय पाहिलें आहे? वाघ, माकडें, आणि आतां पेंग्विन. पेंग्विनच्या काचेपुढें तोबा गर्दी, आणि वाटेवर उभ्या असलेल्या झाडांकडे कोणी मान वर करून पाहत नाहीं. ही बाग १८६२ सालीं उघडली. तिचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिच्यांत तीन हजारांहून अधिक झाडें आहेत आणि कित्येक अशीं आहेत कीं तशीं शहरांत दुसरीकडे सहसा दिसत नाहींत. गोरखचिंचेचा बुंधा पाहावा. आफ्रिकेंतलें हें झाड. चार पोरांनीं हात धरून कवळ घालावयास लावावें आणि मग ती पुरते कां हें मोजावें. कैलासपतीला फुलें फांदीच्या शेंड्यावर येत नाहींत, थेट खोडांतून फुटतात, आणि फळ तोफेच्या गोळ्याएवढें. ब्रह्मदेशांतून आलेल्या उर्वशीला बहर येतो तेव्हां तांबड्या फुलांचे लांबलचक घोंस खालीं लोंबतात. एक रविवार एकच झाड, असा नेम केला तरी वर्ष पुरणार नाहीं. झाडाखालीं बसून घरची भाकरी सोडावी. परंतु कागद व पिशव्या परत घेऊन याव्यात.

त्याच आवारांत भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालीं लोकांस खुलें झालेलें. दाराबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. खऱ्या घारापुरीला जावयास ज्याला सवड किंवा पैसा नाहीं त्यानें निदान हा हत्ती पाहून घ्यावा. त्याच्यावरूनच त्या बेटाला फिरंग्यांनीं आपलें नांव दिलें. आंत मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत: निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या धंद्यांचे लोक, त्यांचे पोषाख, त्यांचीं अवजारें. एकदां आम्हीं तेथें एका म्हाताऱ्या कुंभाराला पाहिलें. तो काचेवर बोट ठेवून नातवाला सांगत होता कीं बाहुलीवाल्यानें चाकाची बैठक कशी चुकविली आहे. तो बोलत होता तोंवर खरा प्रदर्शनाधिकारी तोच होता. आपल्या बापजाद्यांचें काम काचेमागें मानानें ठेवलेलें पाहणें, आणि त्यांतली चूक काढतां येणें, ह्यासारखें सुख दुसरें नाहीं. बाग व संग्रहालय दोन्ही बुधवारीं बंद असतात. ज्यांची सुट्टी बुधवारची त्यांनीं हेलपाटा घालूं नये.

मुंबईबाहेरच्या वाचकांनीं रागावूं नये. कोल्हापुरकरांना तर आम्हीं काय सांगावें? त्यांच्या गांवीं खासबागेचें कुस्तीमैदान आहे, शाहू छत्रपतींनीं बांधवून घेतलेलें, १९१२ सालीं खुलें झालेलें. महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले होते, त्या प्रवासांत रोम येथील जुनें खेळाचें मैदान पाहून ही कल्पना त्यांना सुचली, असें सांगतात. मध्यें खोलांत आखाडा आणि भोंवतीं चढत जाणारी बैठक. कोठेंही बसा, कुस्ती सारखीच दिसते. धोतरवाल्याच्या पुढें फेटेवाला येत नाहीं. आमच्या समजुतीनें महाराजांच्या पुष्कळशा कारभाराचें तत्त्व त्या बांधकामांत उघडें दिसतें. शेजारचें केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीत जळालें तेव्हां मैदानाच्या कडेच्या व्यासपीठालाही झळ लागली, आणि गांवांतले लोक घरचें माणूस गेल्यासारखे रडले. करमणुकीच्या जागेसाठीं शहर रडतें, ह्यावरून ती जागा करमणुकीहून कांहीं अधिक होती हें उघड आहे.

कोल्हापुराची दुसरी मौज फुटबॉल. इतर गांवांत फुटबॉलचे क्लब असतात. येथें तालमींचेच संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, हीं नांवें कुस्तीचीं कीं फुटबॉलचीं हें परक्यास कळणार नाहीं. पेठेंतला पोरगा, रिक्षावाल्याचा मुलगा, शाहू स्टेडियमवर उतरतो आणि सबंध पेठ त्याच्यामागें उभी राहते. सामन्यांत कधीं कधीं डोकीं फुटतात, तें वाईट. पण आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो पोरगा रोज पहांटे उठून तालमींत लाल माती उकरतो, तिच्यांत ताक, तेल, हळद मिसळतो, अंग घामानें भिजवितो, त्याला "वेळ जातां जात नाहीं" असें म्हणतांना आम्हीं अद्याप ऐकलेलें नाहीं. पाहणाऱ्यापेक्षां करणाऱ्याची मजा दसपट. चाळींतल्या भजनांत टाळ धरणारा हातसुद्धां पडद्यावरच्या मोठ्या गवयाला ऐकणाऱ्या कानापेक्षां सुखी असतो, मग तो तालांत चुको कां!

वाचनालयांबद्दल थोडक्यांत लिहितों. १९६७ च्या कायद्यामुळें महाराष्ट्रांत सरकारी अनुदानावर हजारों सार्वजनिक वाचनालयें चालतात. त्यांतलीं कित्येक झोपलेलीं आहेत हें खरें, पण जाऊन दार ठोठावल्याशिवाय तीं जागीं व्हावयाचीं नाहींत. पुस्तक आणून एकट्यानें कोपऱ्यांत वाचावें असेंही नाहीं. आमच्या लोकांत एकानें मोठ्यानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें ही चाल होती. जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं शिवाजी महाराजांवर लिहिलें तें पवाडा म्हणून लिहिलें, म्हणजे वाचतां न येणाऱ्यालाही तें पोंचावें. रविवारीं अर्धा तास नातीनें आजोबांस वाचून दाखवावें. आजोबा मध्येंच झोंपी गेले तर त्यालाही हरकत नाहीं.

आतां त्या दोन बायांकडे वळतों.

दहा हजार गिरणीकामगारांपुढें १८९० सालीं दोन बाया उभ्या राहिल्या आणि रविवारच्या सुट्टीसाठीं बोलल्या. त्यांना जी सुट्टी पाहिजे होती ती सव्वाशेंहून अधिक वर्षांनंतर त्यांच्या पणतींना मिळाली आहे काय? कारखान्यांत मिळाली, घरांत नाहीं. रविवारीं पुरुष घरीं, मुलें घरीं, पाहुणे घरीं. म्हणजे रविवारीं मटण, रविवारीं चादरी धुणें, रविवारीं दळण. एकाची सुट्टी ती दुसरीची दुप्पट पाळी. केंद्र सरकारनें २०२४ सालीं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यांत असें निघालें कीं, घरचें बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचीं त्यांत दिवसाला सरासरीं २८९ मिनिटें जातात आणि तें काम करणाऱ्या पुरुषांचीं ८८ मिनिटें. हीं ८८ मिनिटेंसुद्धां सगळ्या पुरुषांचीं नव्हत. जे मुळांत कामाला हात लावतात त्यांचींच. आमच्या फिटरसाहेबांची गणती त्यांत होत नाहीं. त्यांच्यावर काय हंसावयाचें, आमचीही परवांपर्यंत होत नव्हती.

कोणी म्हणेल, पूर्वींच्या बायका किती आनंदानें जात्यावर ओव्या गात! गात होत्या, खरें आहे. हेमा रायरकर व गी प्वातवँ ह्या जोडप्यानें व त्यांच्या सोबत्यांनीं गांवोगांव हिंडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक आतां पारीच्या संग्रहांत कोणासही मोबाईलवर ऐकतां येतात, आणि मोबाईलचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं. पण त्या बायका जात्यावर कां गात, ह्याचा विचार ओवीचें कौतुक करणारे फारसा करीत नाहींत. त्यांना गाण्यासाठीं वेगळा वेळ कोणीं दिलाच नव्हता! पहांटेच्या अंधारांत हात दळत असतांना तोंड तेवढें मोकळें, म्हणून त्या गायिल्या. ज्यांनीं कामाच्या आंतून एवढें निर्माण केलें त्यांना रविवारचे चार मोकळे तास मिळते तर काय झालें असतें? घरांत अजून आजी असेल तर तिला शेजारीं बसवून तिच्या ओव्या उतरून घ्याव्यात. मात्र आजीचें गाणें चालू असतांना तिच्या हातांत निवडावयाला तांदूळ देऊं नयेत.

हें सर्व सुचल्यावर नुसतें लिहून सुटावें हें आम्हांस बरें वाटेना. म्हणून गेल्या महिन्यांत एका रविवारीं आम्हीं कारभारणीस सांगितलें, "आज जेवणाचें आमच्याकडे. तूं चार तास घराबाहेर पड आणि मजा कर." तिला प्रथम वाटलें आम्ही रागावलों आहों. मग वाटलें आम्हांस ताप आहे. शेवटीं खरें वाटलें तेव्हां ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "पण जाऊं कुठें?" तीस वर्षांच्या संसारांत हा प्रश्न तिच्यापुढें कधीं आलाच नव्हता. बाजार ठाऊक, देऊळ ठाऊक, दवाखाना ठाऊक, माहेर ठाऊक. ह्यांपैकीं प्रत्येक ठिकाणीं ती कोणाच्या तरी कामासाठींच गेलेली. वरच्या परिच्छेदांत आम्हीं मोठ्या ऐटीनें सुचविलेल्या जागांपैकीं एकही तिनें मोकळ्या हातानें पाहिलेली नव्हती. शेवटीं थोरल्या बहिणीला फोन करून त्या दोघी राणीच्या बागेंत गेल्या.

इकडे आम्हीं पिठलें व भात केला. भात खालीं लागला. पिठल्याच्या गांठी इतक्या झाल्या कीं मुलानें त्यांना भजीं म्हणून खाल्लें. ओटा पुसावयास जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळांत एरवीं आमचा एक अग्रलेख होतो.

त्या दोघी सांज पडतां परत आल्या. वाघ पाहिला का, असें मुलानें विचारलें तेव्हां आठवत नाहीं म्हणाल्या. एका झाडाखालीं बसून त्यांनीं शेंगदाणे खाल्ले होते आणि माहेरच्या विहिरीवरच्या एका भांडणाची गोष्ट आठवून पोट दुखेपर्यंत हंसल्या होत्या. झाड कोणतें तें त्यांस ठाऊक नव्हतें. बुंधा हत्तीसारखा होता एवढेंच सांगितलें. मग कारभारणीनें पातेल्यांतलें पिठलें बोटानें चाखलें. वाईट झालें असें कांहीं म्हणाली नाहीं. एवढेंच विचारलें, "पुढच्या रविवारीं काय करणार?"

"हेंच," आम्हीं म्हटलें.

"मग बेसन आधीं गार पाण्यांत कालवून घ्या," ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारचें ठरविण्यासाठीं तिनें बहिणीला पुन्हां फोन लावला.